डिस्कच्या एरर कोडला हात लावण्यापूर्वी

प्रति,
मा. संपादक,
वाचकपत्र विभाग

विषय : कर्नलमधील साठवण-ड्रायव्हरचे एरर कोड बदलताना घ्यावयाची काळजी

महोदय,

संगणकाचे अपडेट घेतले आणि काल चालणारा प्रोग्रॅम आज चालेनासा झाला, ही तक्रार आपल्या बहुतेक वाचकांनी कधी ना कधी केलेली असेल. अशा वेळी दोष एखाद्या मोठ्या, डोळ्यांत भरणाऱ्या बदलात शोधला जातो. माझा अनुभव मात्र असा आहे की पुष्कळदा दोष एका आकड्यात असतो, आणि तो आकडा कोणीतरी चांगल्या हेतूने, दुरुस्ती म्हणूनच बदललेला असतो. मी गेली बावीस वर्षे पुण्यात साठवण-प्रणालींच्या, म्हणजे डिस्क आणि डिस्कसंचांच्या, ड्रायव्हरवर (यंत्राशी थेट बोलणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करत आले आहे. या कामात आता तरुण मराठी अभियंते चांगल्या संख्येने आहेत, आणि माझ्याकडे तपासायला येणाऱ्या त्यांच्या पहिल्या-दुसऱ्या पॅचचे, म्हणजे कोडमधल्या बदलाचे, शीर्षक वारंवार एकच असते : 'चुकीचा एरर कोड दुरुस्त केला.' त्यांच्यापर्यंत आणि त्यांना शिकवणाऱ्यांपर्यंत एवढेच पोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे, की कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) एकदा बाहेर दिलेला एरर कोड, म्हणजे अपयशाचे कारण सांगणारा आकडा, चुकीचा असला तरी तो दिलेला शब्द असतो. तो बदलता येतो, पण त्या शब्दावर कोण विसंबून आहे हे पाहिल्याशिवाय बदलू नये.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्ट करते. पोस्टमन पत्र परत आणतो तेव्हा पाकिटावर शेरा असतो. 'पत्ता अपुरा' असेल तर आपण पत्ता नीट लिहून पत्र पुन्हा टाकतो. 'गाव सोडून गेले' असेल तर नवा पत्ता शोधतो. रजिस्टर्ड नोटिशीवर 'घेण्यास नकार' असा शेरा आला, तर वकील ते पाकीट जपून ठेवतात, कारण नोटीस बजावली गेली असे धरण्यास न्यायालयात त्याच शेऱ्याचा आधार मिळतो. शेरा दोन-तीन शब्दांचा असतो, पण पुढे काय करायचे ते त्यावर ठरते. उद्या एखाद्या पोस्टमास्तरांनी 'नकार' हा शब्द ढोबळ आहे म्हणून त्याच्या जागी अधिक नेमके काही लिहायला सुरुवात केली, तर शेरा अचूक होईल आणि दावे अडकून पडतील.

संगणकात हे शेरे आकड्यांत असतात. प्रोग्रॅम स्वतः डिस्कला हात लावत नाही. तो कर्नलला सांगतो, कर्नल ड्रायव्हरला सांगतो, आणि काम झाले नाही तर त्याच वाटेने एक आकडा परत येतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २ म्हणजे अशी फाइल नाही, ५ म्हणजे वाचता-लिहिताना बिघाड झाला, २२ म्हणजे दिलेली माहिती चुकीची, २८ म्हणजे जागा संपली. या आकड्यांना नावेही आहेत. ५ ला ईआयओ म्हणतात, २८ ला ईनोस्पेस. आकडा पाहून पुन्हा प्रयत्न करायचा, दुसरी वाट धरायची, मालकाला कळवायचे की सगळे थांबवायचे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. हा प्रोग्रॅम कदाचित पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला असेल, लिहिणारा ती नोकरी सोडून गेलेला असेल, आणि मूळ कोड कोणाकडेच नसेल.

हे आकडे किती चिवट असतात याचे एक उदाहरण २५ या आकड्याचे आहे. त्याचे नाव ईनोटीटीवाय. लिनक्स जिच्या धर्तीवर बेतली त्या युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात त्याचा अर्थ 'हे टंकयंत्र नव्हे' असा होता, कारण तेव्हा संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइपवरून. आज तोच आकडा 'या उपकरणाला ही आज्ञा लागू नाही' एवढ्या अर्थाने डिस्कचा ड्रायव्हरही परत देतो. माणसाने वाचायचा मजकूर मधल्या काळात बदलला, प्रोग्रॅमने वाचायचा आकडा आणि त्याचे नाव मात्र तसेच राहिले. ज्यांनी हे जपले त्यांना नेमके काय जपायचे ते कळले होते, असे मला वाटते.

आता ज्या प्रकरणामुळे हे पत्र लिहावेसे वाटले त्याकडे वळते. डिस्कचा एखादा सेक्टर, म्हणजे माहितीचा एक छोटा कप्पा, खराब होऊन वाचता येईनासा झाला की पूर्वी वरच्या थरांना नुसते ५ मिळत असे, म्हणजे 'बिघाड'. केबल सुटली तरी ५, नियंत्रक बंद पडला तरी ५, सेक्टर खराब झाला तरी ५. हे ढोबळ होते यात शंका नाही. एकाच डिस्कसंचाकडे दोन वाटांनी जाणाऱ्या व्यवस्थेत तर ते घातकच होते, कारण वाट तुटली असेल तर दुसऱ्या वाटेने जावे, पण सेक्टरच खराब असेल तर वाट बदलून उपयोग नाही, आणि ५ या आकड्यावरून हा फरक कळत नाही. म्हणून हे शेरे टप्प्याटप्प्याने वेगळे करण्यात आले, आणि २०१३ साली स्कझी (डिस्क जोडण्याची एक प्रमाणित पद्धत) डिस्कच्या थरात बदल होऊन खराब सेक्टरसाठी ६१ हा आकडा, म्हणजे ईनोडेटा, वर पाठवला जाऊ लागला. 'माहिती उपलब्ध नाही' हा त्याचा शब्दशः अर्थ खराब सेक्टरला शोभतोही. हेतू चांगला होता आणि ज्या थरासाठी बदल केला तिथे तो उपयोगीही पडला.

पण ६१ हा आकडा दुसऱ्याच एका ठिकाणी आधीपासून वापरात होता. फाइलीला मूळ मजकुराखेरीज काही जोड-माहिती चिकटवता येते; ती फाइल कोणी वाचावी याची यादी, सुरक्षाव्यवस्थेने दिलेले लेबल असे बरेच काही त्यात असते. एखादी जोड-माहिती मागितली आणि ती त्या फाइलीला नसेलच, तर उत्तर म्हणून ६१ द्यायचे असा लिनक्समधला संकेत आहे. यात दोष काहीच नाही. 'नाही' हे तिथे अगदी नेहमीचे उत्तर आहे. आता कल्पना करा, ती जोड-माहिती ज्या सेक्टरवर आहे तोच खराब झाला. ड्रायव्हर प्रामाणिकपणे सांगतो ६१, म्हणजे सेक्टर वाचता येत नाही. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारा कर्नलचा भाग) तोच आकडा ऐकते आणि त्याचा अर्थ लावते, अशी जोड-माहिती या फाइलीला नाहीच. बिघाडाची बातमी वाटेतच 'नाही' या साध्या उत्तरात बदलते. फाइलीची प्रत करणारा प्रोग्रॅम ती बंधने नाहीतच असे समजून बंधनांविना प्रत करू शकतो, आणि डिस्क मरत चालली आहे हे कोणालाच कळत नाही. काही परिस्थितीत तर याच गोंधळातून कर्नलच कोसळू शकत होता. एक्सएफएसच्या कोडमध्ये ही दुरुस्ती २०२५ साली झाली : डिस्ककडून आलेले ६१ जोड-माहितीच्या कोडपर्यंत पोचण्याआधीच त्याचे ५ करायचे. दुरुस्ती मोजक्या ओळींची आहे, आणि तिची गरज लक्षात यायला बारा वर्षे गेली.

या बारा वर्षांत कोणी निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. बदल करणाऱ्याने आपला थर तपासला होता, फाइल सिस्टिमवाल्यांनी आपला. पाहायचे राहिले ते दोन थरांमधली सीमा. एकच आकडा सीमेच्या अलीकडे एक बोलतो आणि पलीकडे दुसरेच, आणि दोन्ही बाजूंचा कोड आपापल्या जागी बिनचूक असतो. म्हणून आपला ड्रायव्हर पुन्हा पुन्हा तपासून हा दोष सापडत नाही.

माझ्या हातून घडलेली चूकही इथे सांगितली पाहिजे, कारण मी हा धडा तिच्यातूनच शिकले. काही वर्षांपूर्वी मी एका डिस्कसंचाच्या ड्रायव्हरवर काम करत होते. हा संच प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त जागा कागदोपत्री वाटून देणारा होता, आणि आतली खरी जागा संपली की लेखन नाकारत असे. आमचा ड्रायव्हर त्यावर ५ देत होता. मी ते बदलून २८ केले, कारण जागाच संपली होती, मग 'बिघाड' कशाला म्हणायचे? बदल तीन ओळींचा होता, तपासणाऱ्यांना पटला आणि पुढच्या आवृत्तीत गेला. एका ग्राहकाकडे रात्री बॅकअप घेणारा एक जुना प्रोग्रॅम होता. तो ५ आल्यावर थांबून व्यवस्थापकाला कळवायचा. २८ आल्यावर मात्र 'बॅकअपसाठी ठेवलेली जागा भरली' असे समजून सर्वांत जुना बॅकअप पुसायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पण या संचात फाइल पुसली तरी ती जागा मोकळी झाल्याचे वेगळे कळवल्याशिवाय संचाला परत मिळत नाही. त्यामुळे एक बॅकअप पुसला तरी २८, दुसरा पुसला तरी २८. सकाळपर्यंत बारा आठवड्यांच्या बॅकअपपैकी नऊ गेले होते. त्या ग्राहकाकडे टेपवर वेगळी प्रत होती म्हणून निभावले. माझा आकडा पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होता, आणि तरीही त्या रात्रीची जबाबदारी माझी होती, असेच मी आजही मानते.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा या बाबतीतला नियम सर्वश्रुत आहे : कर्नलच्या बदलामुळे आधी चालणारा प्रोग्रॅम मोडता कामा नये, आणि मोडला तर चूक कर्नलची. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिडिओ उपकरणांच्या ड्रायव्हरमध्ये एक एरर कोड बदलून त्या जागी ईनोएन्ट, म्हणजे वर सांगितलेला २ हा आकडा, आला आणि ध्वनीशी संबंधित प्रोग्रॅम बिघडले. तेव्हा दोष प्रोग्रॅमचा असावा असे सुचवणाऱ्याला त्यांनी अतिशय कठोर शब्दांत खडसावले. तो कठोरपणा मला पटत नाही, आणि २०१८ मध्ये स्वतः टोरवाल्ड्स यांनीही आपल्या अशा वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. नियम मात्र शंभर टक्के योग्य आहे.

तरीही या नियमाचा अर्थ 'कोड कधीच बदलायचा नाही' असा घेतला जातो, तो बरोबर नाही. त्या खडसावण्याच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, स्वतः टोरवाल्ड्स यांनीच एक एरर कोड बदलला होता आणि त्याचा संबंध डिस्कच्या थराशीच होता. अनोळखी आज्ञा आली की काही वाटांनी २२ परत जात होते. २२ चा अर्थ 'आज्ञा कळली, पण सोबतची माहिती चुकीची', तर २५ चा अर्थ 'ही आज्ञा मला कळतच नाही'. दोन्हींत मोठा फरक आहे, कारण दुसऱ्या प्रसंगी सर्वसाधारण वाटेने तेच काम करून पाहता येते. त्यांनी मध्यवर्ती ठिकाणी २२ च्या जागी २५ केले. पण डिस्कच्या थरात २२ वर विसंबलेला जो जुना कोड होता, तो त्यांनी लगेच काढला नाही. २२ आले तरी तूर्त चालवून घ्यावे, मात्र हे चूक आहे आणि ड्रायव्हर दुरुस्त झाले की हे काढून टाकावे, अशी सविस्तर टिप्पणी तिथे लिहून ठेवली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या अभियंत्याला मी ती टिप्पणी वाचायला लावते.

दुसरे उदाहरण २०१७ चे आहे आणि ते मला त्याहूनही शिकण्यासारखे वाटते. त्या वर्षी आलेल्या कर्नलच्या ४.१३ या आवृत्तीत डिस्कच्या थराने आतल्या आत हे आकडे वापरणेच सोडले आणि स्वतःचे वेगळे शेरे ठरवले : माध्यम खराब, वाहतूक तुटली, जागा संपली, वेळ संपली, पाठिंबा नाही, असे. हा बदल एकूण एक ड्रायव्हरला लागू झाला, तरी बाहेरच्या प्रोग्रॅमना त्याची झळ लागू नये अशी सोय होती, कारण सीमेवर एक तक्ता ठेवला होता आणि आतल्या प्रत्येक शेऱ्याला बाहेर कोणता जुना आकडा द्यायचा ते त्यात लिहिलेले होते. घरात भांड्यांची मांडामांड हवी तेवढी करा, पण पाहुण्याला पाणी नेहमीच्या जागीच मिळाले पाहिजे, तसे हे आहे. वर सांगितलेले ६१ चे प्रकरण याच तक्त्यातून बाहेर पडते, म्हणून तक्त्यातली एक नोंद बदलणे हे शंभर ड्रायव्हर बदलण्याइतकेच गंभीर काम समजले पाहिजे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्या आकड्यावर वर काय काय अवलंबून असते याची कल्पना नसते. एक्सएफएसमध्ये २०१६ पासून व्यवस्थापकाला ठरवता येते की आपली अंतर्गत नोंद लिहिता आली नाही तर ५ वर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, २८ वर किती वेळा, आणि उपकरणच नाहीसे झाल्याच्या १९ वर किती वेळा. काही बदलले नाही तर पहिल्या दोहोंवर ती प्रयत्न करतच राहते आणि १९ वर लगेच हात टेकते. म्हणजे ड्रायव्हरने ५ चे १९ केले, की क्षणभर निसटलेल्या केबलसाठी वाट पाहणारी फाइल सिस्टिम तत्काळ बंद पडेल. तसेच, फाइलीसाठी जागा आधीच राखून ठेवण्याची सोय नसेल तर ९५ हा आकडा मिळाल्यावर जी-लिब-सी हे मूलभूत ग्रंथालय (बहुतेक प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोडचा संग्रह) ती जागा स्वतः लिहून भरून काढते. दुसरा कोणताही आकडा मिळाला तर ते प्रोग्रॅमला सरळ अपयश कळवते. 'सोय नाही' आणि 'बिघाड झाला' यांतला फरक हा असा आहे. काही स्कझी डिस्कवर तर शून्ये भरण्याची आज्ञा पहिल्यांदा दिली की 'दूरस्थ बिघाड' असा शेरा यायचा, वास्तविक डिस्क त्याच संगणकाला जोडलेली असायची, आणि तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली की बिनबोभाट पार पडायची, कारण पहिल्या अपयशानंतर ड्रायव्हरला ती सोय नसल्याचे कळलेले असायचे. २०१७ मध्ये ते दुरुस्त झाले, आणि दुरुस्ती करताना नुसता आकडा बदलला नाही. पहिल्याच वेळी दुसऱ्या वाटेने काम पुरे करण्याची व्यवस्था केली. प्रोग्रॅमला बरोबर आकड्यापेक्षा झालेले काम हवे असते.

यावर एक आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. जुने आकडे गोठवून ठेवले तर वापरणाऱ्याला खरे कधीच कळणार नाही. खराब सेक्टरलाही ५, सुटलेल्या केबललाही ५, हे किती दिवस चालवायचे? मला वाटते, नवी माहिती द्यायची असेल तर जुना शेरा पुसून त्यावर लिहू नये, शेजारी नवी पाटी लावावी. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.१६ या आवृत्तीत फाइल सिस्टिममधल्या बिघाडाची बातमी देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळ्या मार्गाने पोचवण्याची सोय आली. ज्याला ती हवी आहे तो मागून घेतो, ज्याला ठाऊक नाही त्याचे काही बिघडत नाही. माझ्या त्या डिस्कसंचाच्या ड्रायव्हरमध्येही मी अखेर हेच केले : मूळ उत्तर ५ च ठेवले, खरे कारण लॉगमध्ये लिहिले, आणि ज्या ग्राहकाला २८ हवे असेल त्याने तसे सांगून सुरू करावे अशी सोय दिली. ते २८ मागून घेणारे ग्राहक निघाले, आणि त्यांनी आपले प्रोग्रॅम आधी तपासले होते.

जिथे आकडा बदलावाच लागतो तिथे आधी त्याचे वाचक शोधावे लागतात. डेबियन या लिनक्सच्या एका प्रचलित संचातल्या सगळ्या प्रोग्रॅमचा कोड एकत्र शोधण्याची सेवा सर्वांना खुली आहे; तिथे त्या आकड्याचे नाव टाकून तास-दोन तास घालवले तर काय काय मोडेल याचा बराच अंदाज येतो. बँका, रुग्णालये, कारखाने यांच्या भिंतींआड चालणारे प्रोग्रॅम मात्र असे सापडत नाहीत, म्हणून तो अंदाज पुरा मानू नये. आणि एवढे करूनही कोणाचा प्रोग्रॅम मोडल्याची तक्रार आली, तर तुमचा प्रोग्रॅम चुकीचा लिहिला आहे असे उत्तर देण्याआधी बदल मागे घ्यावा. वाद नंतर शांतपणे घालता येतो.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना यानिमित्ताने एक विनंती आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी फाइल उघडतात, लिहितात, बंद करतात. अपयश त्यांना दिसतच नाही, कारण प्रयोगशाळेतली डिस्क चांगली असते. लिनक्समध्ये मात्र स्कझी-डीबग नावाचे एक मॉड्यूल आहे. ते संगणकाच्या स्मृतीतल्या काही मेगाबाइट जागेतून एक खोटी डिस्क तयार करते, आणि सांगितले तर त्या डिस्कचा ४६६० वा सेक्टर आणि त्यापुढचे नऊ सेक्टर वाचायला कायम नकार देतात. यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, खर्च येत नाही, खरी डिस्क बिघडत नाही; वापरलेला सराव-संगणक आणि व्यवस्थापकाचा अधिकार एवढे पुरे. विद्यार्थ्यांनी तो सेक्टर आधी नेहमीच्या पद्धतीने वाचून पाहावा, त्यांना ५ मिळेल. मग कर्नलची मधली साठवण टाळून थेट वाचावा, तिथे ६१ मिळेल. सेक्टर तोच, खराबी तीच, आणि शेरे दोन. त्यानंतर त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम या दोन्ही आकड्यांवर काय करतो ते वहीत उतरवावे. हे एक प्रात्यक्षिक पुढच्या सत्रात कोणी घेणार असेल, तर पुण्यात आणि आसपास त्यासाठी येऊन मदत करायची माझी तयारी आहे.

आपली,
एक वाचक
पुणे